तिघांचा पाडवा

शिवकांता मॅडमनी वही पुढं सरकवली तेव्हा हर्षालीला वाटलं, अक्षराची तक्रार असणार. नऊ वर्षांच्या आयुष्यातली तीन वर्षं शिडाच्या बोटीवर काढलेल्या पोरीचं अक्षर ते; हलत्या टेबलावर गिरवलेलं, रेघ सोडून कधी वर, कधी खाली. पण मॅडम कौतुकानं ओथंबल्या होत्या. "चौथीतलं पोर असं लिहील, खरं वाटत नाही बघा. सगळ्या वर्गाला वाचून दाखवला मी. लई समजूतदार आहे हो तुमची वैष्णवी!" निबंधाचा विषय होता, 'माझ्या हातून घडलेली चूक'. बाकीच्या पोरांनी काचा फोडल्या असतील, कुणी भावाला ढकललं असेल. वैष्णवीनं लिहिलं होतं : 'पाडव्याच्या दिवशी मी लाइफ जॅकेट न घालता, न विचारता डेकवर गेले आणि पाय घसरून खाडीत पडले. माझ्यामुळं आई-बाबांचा पाडवा खराब झाला. आईची नवी साडी भिजली. बाबा घाबरले. चूक माझी एकटीची होती. मी दोघांची माफी मागितली आहे.' खाली लाल शाईत दहापैकी दहा. हर्षालीनं एकदा वाचलं, मग 'एकटीची' या शब्दावर बोट ठेवून ती तशीच बसून राहिली. मॅडमना वाटलं आईचा ऊर भरून आला, आणि त्यांनी समजून खिडकीबाहेर बघितलं.

ऊर भरून आला नव्हता. चूक एकटीची नव्हतीच, हे धाराशिवातल्या त्या पिवळ्या भिंतींच्या वर्गात फक्त हर्षालीला माहीत होतं. ज्या तेलावरून पोरीचा पाय घसरला ते तेल तिनं सांडलं होतं. आणि पोरगी पाण्यात पडली तो आवाज तिनं ऐकला होता. नीट, स्वच्छ ऐकला होता, आणि ती उठली नव्हती. चार महिने झाले. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सासूला नाही, तुळजापूरला माहेरी नाही, नवऱ्याला, रणधीरला, तर नाहीच. तिनं न दिलेली कबुली पोरीनं वहीत स्वतःच्या नावावर देऊन टाकली होती, आणि वर शंभर टक्के गुण मिळवले होते.

शाळा सुटायला अवकाश होता. ती फाटकाशी लिंबाखाली थांबली. शनिवार, फेब्रुवारीची चौदा तारीख. समोरच्या स्टेशनरीवाल्यानं दोरीला लाल फुगे बांधले होते, कॉलेजची पोरं पोरी तोंडं लपवत आत जाऊन तोंडं लपवत बाहेर येत होती, आणि दुकानदार गुरुसिद्धप्पा इतक्या गंभीर चेहऱ्यानं गुलाब मोजून देत होता की जणू शेवग्याच्या शेंगा. पोरीला घेऊन हर्षाली धाराशिवात परतली तेव्हापासून बोटीवर एकटाच असलेला रणधीर आज येणार होता. सोलापूरवरून दुपारची एसटी. "चौदालाच येतो," तो फोनवर म्हणाला होता, "आपला सण आहे तो. आणि या खेपेला मला उत्तर पाहिजे हर्षू. बोट पावसाळ्याच्या आत कोचीला न्यायचीय. तुम्ही दोघी येणार का नाही?" ती 'बघू' म्हणाली होती. 'बघू' हा शब्द चार महिन्यांत इतका वापरला होता की तो आता तोंडात बुळबुळीत लागायचा. सगळ्यांची समजूत अशी की ती पाण्याला घाबरली. बाई माणूस, त्यात दुष्काळी मुलखातली, घाबरणारच. ती पाण्याला मुळीच घाबरत नव्हती. ती स्वतःच्या कानांना घाबरत होती. परत त्या बोटीवर जायचं म्हणजे रोज त्या डेकवर पाय ठेवायचा, रोज रणधीर पोरीला जॅकेटवरून दटावणार, रोज पोरगी मान खाली घालणार, आणि रोज आपण गप्प बसणार. आणि जायचं नाही म्हटलं तर का नाही, ते सांगायला हवं. खरं सोडून दुसरं कारण तिच्याकडं नव्हतं.

बोटीवर जाणं ही तशी प्रेमाचीच गोष्ट होती. रणधीर अणदूरचा, चांगल्या बागायतदाराचा मुलगा, आणि शिकून झाला काय तर मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सहा महिने दर्यावर, सहा महिने घरी. लग्नानंतरचे पहिले पाच पाडवे त्यानं घरात काढलेच नाहीत. हर्षाली पाट मांडायची, रांगोळी घालायची, पाटावर मोबाइल उभा करायची आणि मोबाइलला ओवाळायची. एकदा ओवाळता ओवाळता नेटवर्क गेलं आणि ती काळ्या काचेपुढं निरांजन फिरवत राहिली. काचेत स्वतःचंच तोंड. सासूबाईंनी तेव्हा नुसतं ताट हातातून घेतलं. त्या रात्री रणधीर फोनवर रडला होता. दोन वर्षांनी त्यानं नोकरी सोडली, साठवलेलं सगळं घालून छत्तीस फुटांची जुनी शिडाची बोट घेतली, तिचं नाव 'बाणाई' ठेवलं आणि म्हणाला, "आता आपण कुठंबी जाऊ, पण तिघं जाऊ. एक पाडवा चुकणार न्हाय." गावानं त्याला वेड्यात काढलं. एकट्या कस्तुराबाई, त्याची आई, म्हणाल्या होत्या, "जाऊ द्या की. आपला खंडोबा न्हाय का, दोन महिने नळदुर्गला ऱ्हातो अन् परत अणदूरला येतो? देवाला दोन घरं चालत्यात, मग माझ्या लेकाला का चालू ने?"

आणि खरंच एकही सण चुकला नाही. छत्तीस फुटांत नवरा-बायकोचा म्हणून वेगळा सण करायला जागा नव्हती, दार नव्हतं, होता एक पडदा, आणि तोही बोट कलली की आपोआप उघडायचा. म्हणून सगळे सण तिघांचे झाले. व्हॅलेंटाइनला वैष्णवी वेटर व्हायची. कागदावर मेनू लिहायची, पोहे आणि पोहे आणि लिंबू सरबत, आणि दोघांनी एकमेकांकडं बघून हसलं की 'आता हात धरा' असा हुकूम सोडायची. वटपौर्णिमेला वड कुठून आणणार? हर्षालीनं डोलकाठीला सूत गुंडाळलं. सातव्या फेऱ्याला वारा सुटला आणि सूत शिडाच्या दोरात असं अडकलं की रणधीर तासभर वर चढून शिव्या घालत बसला होता. लग्नाच्या वाढदिवसाला पोरगी दोघांच्या मध्ये झोपायचा हट्ट धरायची, 'माझ्यामुळंच तर तुमचं लग्न टिकलंय' म्हणायची. कुठून ऐकलेलं कोण जाणे. धाराशिवात रणधीरला 'अहो' म्हणणारी हर्षाली बोटीवर आठवड्याभरात 'अरे' म्हणायला लागली होती. ती सुखी होती. हे तिला आज लिंबाखाली उभं राहून स्वतःशी म्हणताना लाज वाटली, पण ती सुखी होती, आणि सुखातसुद्धा तिला एक चोरटी भूक होती, की एकदा, फक्त एकदा, पोरीशिवाय. दहा मिनिटं. नवरा आपला एकटीचा.

दिवाळी पाडव्याच्या त्या पहाटे बोट मालवणच्या अलीकडच्या एका खाडीत नांगरून होती. पाणी इतकं निवांत की कोंबड्याचं आरवणं किनाऱ्यावरून सरळ कपात पडत होतं. घरच्या रीतीप्रमाणं हर्षालीनं रणधीरला डेकवर पाटावर बसवलं आणि तेल लावलं. घरी न्हाणीघर असतं, फरशी असते, मोरी असते. तेल जातं वाहून. इथं डेक होतं, गुळगुळीत, पांढरं. तिनं सासूनं दिलेलं तिळाचं तेल कोमट करून त्याच्या पाठीवर ओतलं, उटणं चोळलं, पाणी घातलं. तीन वर्षं पाण्यावर राहून तिला माहीत होतं की डेकवर तेलाचा थेंब सांडला तरी लगेच साबणानं पुसायचा. ती फडकं घ्यायला वळलीसुद्धा. तेवढ्यात रणधीर ओल्या अंगानं तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "खाली ये. वैशू झोपलीय." खाली पडदा ओढून त्यानं शिडं ठेवायच्या खणात आठ महिने लपवून ठेवलेली इरकल साडी काढली, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली, खारट हवा लागू नये म्हणून. त्यानं ती तिला नेसायला लावली. स्वतः गुडघ्यांवर बसला आणि निऱ्या धरल्या, उलट्या धरल्या, परत धरल्या. ती हसली. अशी ती कधी हसली होती, तिला आठवत नव्हतं. आणि त्या हसण्याच्या मधोमध बाहेर तो आवाज झाला. मोठा नाही. एक धप्प, आणि मग बोटीच्या अंगाला काहीतरी घासत गेल्यासारखं.

आईला कळतं. लोक म्हणतात ते खोटं नाही, कळलं होतं. नुसत्या कानाला नाही, पोटाला कळलं होतं. आणि तरी हर्षालीच्या आत कुणीतरी फार थकलेलं, फार हट्टी माणूस म्हणालं, आत्ता नको. आता थोडा वेळ नको. ती किती वेळ तशी उभी होती? चार मिनिटं असतील. नंतर वैष्णवीला ताप आला, छातीत कफ झाला, आणि मालवणच्या डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पाण्यात होती, तेव्हा रणधीर म्हणाला, "लगेच काढली." त्या पहाटे वर जाऊन बघितलं तेव्हा पहिल्यांदा दिसली ती पणती. पोरीनं पाडव्याला आईबाबांसाठी लावायला आणलेली पणती, कलंडलेली. मग हर्षालीनं हाक मारली, आणि बोटीच्या मागून, छोट्या होडीच्या दोराला धरलेली वैष्णवी पाण्यातून शांतपणे म्हणाली, "मी इथं आहे आई." रडली नाही. ओरडली नाही. तोच शांत आवाज आता धाराशिवात कुठंही उठायचा. भाजी निवडताना, पंख्याखाली पडल्यावर, एसटी स्टँडच्या गलक्यात. मी इथं आहे आई. आणि मग हर्षालीनं जे केलं ते ती सगळ्यात जास्त विसरायला बघायची. रणधीर पोरीला टॉवेलात गुंडाळून पाठ चोळत होता, आणि ती नव्या साडीनिशी गुडघ्यांवर बसून भांड्यांचा साबण ओतून डेक घासत होती. पोरीला जवळ घ्यायच्या आधी तिनं तेल पुसलं. रणधीरला वाटलं, बायकोच्या मनावर परिणाम झाला. "असू दे गं," तो म्हणत होता, "असू दे ते." ती घासत राहिली, जोवर डेक बोटांखाली करकरायला लागलं नाही तोवर.

"आई, मॅडमनी निबंध दाखवला?" वैष्णवी समोर उभी होती. दप्तर, दोन वेण्या, वेण्यांतून सुटलेले कोरडे भुरके केस. हर्षाली चार महिने तिच्या केसांना तेल लावत नव्हती. "दाखवला," ती म्हणाली. "छान लिहिलास." छान लिहिलास! तिला स्वतःची जीभ उपटावीशी वाटली. रिक्षात पोरगी बडबडत होती, गुलाबजाम आणायचे का, बाबा किती वाजता, आज मेनू काय लिहू. बार्शी नाक्याला रिक्षा थांबली आणि हर्षालीला जमीन हलल्यासारखी वाटली. नेहमीचंच. चार महिने झाले तरी तिचं अंग बोटीवरच होतं. फक्त आता ते हलणं झुलवत नव्हतं, कुणीतरी मानगूट धरून गदागदा हलवून जाब विचारल्यासारखं वाटायचं. तिनं पोरीचा हात धरला. हात कोमट होता, कोरडा होता, जिवंत होता. त्या एवढ्याशा गोष्टीनं तिला रडू आलं आणि तिनं ते ओढणीत पुसून टाकलं.

समतानगरातल्या घरी रणधीर आधीच पोचला होता, आणि पोचल्या पोचल्या गच्चीवर चढला होता. कस्तुराबाई जिन्याच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "बघ बाई तुझ्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "पिंपळावरचा मुंजाबा झालाय नुसता. येताना बोटीचं फाटकं शीड घिऊन आलाय, अन् वर मांडव घालतोय. शेजारची गौराबाई इचारती, लगीन कुणाचं हाय?" मग वैष्णवीचे केस हातात घेऊन, "अगं, पोरीच्या डोस्क्याला तेल न्हाय की काय न्हाय. वाळल्या कडब्यावानी झालंय. तेलाचं काय वावडं हाय का तुला?" हर्षालीनं पोरीच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं. सासूनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "दमलीस. वर जा," त्या हलकेच म्हणाल्या. "मी शेंगोळे घिऊन येती."

गच्चीवर भर दुपार होती. पाण्याच्या टाक्या, डिश, वाळत घातलेल्या कुरडया, आणि मधोमध टाकीच्या नळाला आणि जिन्याच्या लोखंडाला बांधलेलं ते पिवळट शीड. त्याच्या सावलीत चटई, चटईवर गुलाबजामाचा डबा. रणधीर घामानं निथळत होता आणि आनंदानं फुगला होता. त्याचं ऊन लागलेलं नाक, हातावरचे दोरांचे वळ, तो मिठाचा वास. हर्षालीला त्याच्याविषयी इतकं वाटून आलं की तिला पाय उचलवेना. "आलात?" ती म्हणाली. सासूबाई मागून जिना चढत होत्या, म्हणून 'आलात'. वैष्णवीनं बाबाच्या गळ्यात उडी मारली, मग लगेच रुमाल कमरेला खोचून वेटर झाली. "साहेब, मेनूत शेंगोळे आणि गुलाबजाम. आता हात धरा." कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दोघांनी हात धरला. शीड वाऱ्यानं जरा फुगलं आणि त्याची सावली चौघांवरून सरकली. असं पाच मिनिटं सगळं ठीक होतं, आणि हर्षालीला वाटलं, आजही आपण गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडणार आहे.

"बरं," रणधीर घास तोंडात ठेवून म्हणाला, "आता वैशू सांगेल. परत बोटीवर गेलो की काय करायचं?" तो गमतीनंच विचारत होता. वैष्णवी मात्र गंमत सोडून सरळ उभी राहिली, हात मागं घेतले, शाळेत प्रार्थनेला राहतात तशी. "डेकवर जाताना जॅकेट घालायचं. न विचारता वर जायचं नाही. मागच्या वेळी चूक माझी होती." "शाब्बास," रणधीर म्हणाला. पण शाब्बास म्हणताना त्यानं पोरीकडं बघितलं नाही, डब्याकडं बघितलं. हर्षालीनं ते पाहिलं.

"तिची नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"चूक. तिची नव्हती." आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला. आपण कोणासमोर बोलतोय, कोणाला काय म्हणतोय, हे सगळं गळून गेलं. "डेकवर तेल होतं. मी पुसलं नव्हतं. आणि ती पडली तो आवाज मला आला होता. तूसुद्धा विचारलं होतंस मला, काय पडलं गं म्हणून. आणि मी म्हटलं, काही नाही. निऱ्या धर म्हटलं. मला कळलं होतं रणधीर. कळलं होतं, आणि मी उठले नाही. मला तू हवा होतास."

कस्तुराबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा सून आपल्या लेकाला त्यांच्यादेखत 'तू' म्हणाली होती, पण त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. "अगं माझ्या बाई," त्या पुटपुटल्या, आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिथंच टेकल्या. हर्षाली रणधीरकडं बघत होती. तो ओरडेल, उठून जाईल, काहीही करेल, तिची तयारी होती. तो चटईचा एक धागा उपसत बसला होता. मग त्यानं मान वर केली आणि तिला दिसलं की ही बातमी त्याला नवी नाही. तेल त्याच्याच पाठीवरून सांडलं होतं. प्रश्न त्यानंच विचारला होता. चार महिने तोही हेच पोटात घेऊन हिंडत होता, आणि म्हणूनच तो जॅकेट, जॅकेट, जॅकेट करत होता. "मलाबी आला होता आवाज," तो म्हणाला. "तू काही न्हाय म्हणलीस, अन् मला बरं वाटलं."

हर्षालीनं पोरीला जवळ ओढलं. सांगायचं होतं ते पोरीलाच होतं. ती तिचे केस मागं सारत राहिली. "वैशू, तू माफी मागायची नव्हतीस. आम्ही मागायची. तू लिहिलंस ते खरं नाही बाळा."

"मला माहीत आहे," वैष्णवी म्हणाली.

ती अजून कमरेला रुमाल खोचून उभी होती. तिनं आधी आईकडं बघितलं, मग बाबाकडं, दोघांपैकी कुणाला वाईट तर वाटणार नाही ना, असं. "खिडकी उघडी होती ना," ती म्हणाली. "मी पाण्यात तिच्या खालीच होते. बाबांनी विचारलं ते मला ऐकू आलं. मग तू काही नाही म्हणालीस आणि तुम्ही दोघं हसलात. तू कधी तशी हसत नाहीस आई. म्हणून मी ओरडले नाही. दोर धरला, आणि तुमचं हसून होईपर्यंत थांबले."